हौदाचा तळ

१८ मे, रविवार

सकाळी पूजा आटोपून स्वयंपाकघरात गेलो आणि भांडी घासायच्या सिंकमध्ये हात घालायची वेळ आली. पाणी तुंबलं होतं. वर तेलाचा तवंग, त्यात फुगलेला भात, चहाचा चोथा आणि कोणाचा तरी लांब केस. जाळीवरचं ते सगळं बोटांनी ओढून काढलं. थंड आणि बुळबुळीत. हात साबणाने तीनदा धुतले, लिंबू चोळलं, तरी दुपारी भाकरी मोडताना बोटांना तोच वास. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलो.

मला या घराची शिसारी येऊ लागली आहे. हे देवासमोर बोलता येत नाही, म्हणून कंपनीने दिवाळीत दिलेली ही वही काढली.

एक मार्चपासून बायको, आशा, ड्यूटीवर जाते. त्रेचाळिसाव्या वर्षी तिने सहा महिन्यांचा कोर्स केला आणि एका खासगी दवाखान्यात पेशंटांची देखभाल करायला लागली. सकाळी सात ते दुपारी तीन. तीन महिने पारखतात, मग कायम करतात. एकतीस मेला तिचे तीन महिने भरतात. तोवर तीन वेळा ड्यूटी अर्ध्यावर टाकून घरी गेलं की नाव कटतं. एकदा झालेलं आहे. मार्चमध्ये आई न्हाणीत पडली तेव्हा.

घरचं सगळं उरकून जायचं म्हणून ती साडेतीनला उठते. काल संध्याकाळी भाकरी थापता थापता उभ्यानेच झोपली. तव्यातून धूर निघाला तेव्हा मुलगी तनुजा धावली. जाग आल्यावर आशा एवढंच म्हणाली, "अहो, या घराचं काय तरी लावून द्या. नाय तर मी सोडते. दोन्हीकडं माझा जीव पुरंना."

तिने सोडलं तर मला फार वाईट वाटेल असं खोटं लिहिणार नाही. परक्यांचं हगणंमुतणं काढायचं ते काम. गावी पिशोरला कोणी विचारलं तर 'दवाखान्याच्या ऑफिसात असते' असं सांगतो. पण कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन आली त्या दिवशी ते देवापुढे ठेवून ती किती तरी वेळ बसली होती, तेही मी पाहिलं आहे. माझ्या माहितीत तिने देवापुढे स्वतःचं काही ठेवलं ते पहिल्यांदाच.

एक बरं आहे की आशाला किळस मुळातच कमी. काहींना देव तसं घडवतो. माझं उलटं. पिशोरच्या शाळेत एका पोराने माठात थुंकलेलं मी पाहिलं, तर दोन दिवस शाळेत पाणी प्यायलो नाही. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडलो, पण माठाला शिवलो नाही. म्हणून घरात एक नियम ठेवला आहे. ड्यूटीवरून आली की आधी डोक्यावरून अंघोळ, मग स्वयंपाकघर. तोवर तिच्या हातचं पाणीही मी घेत नाही. तिने कधी तक्रार केली नाही.

दुपारी बसून तक्ता केला. वाळूजला कंपनीत एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळतो, कोणत्या वारी कोणता माल, कोणाची पाळी, सगळं भिंतीवर असतं. घरातली कामं मोजली तर अकरा निघाली. मला आश्चर्य वाटलं, अकरा कामांसाठी एवढी दमछाक? मुलाला, शिवमला, संडास, न्हाणी आणि पाणी भरणं. तनुजाला भांडी आणि झाडलोट. आशाला स्वयंपाक, धुणं आणि आईचं. मला भाजी, देवपूजा आणि देखरेख.

तनुजा वाचून हसायला लागली. "पप्पा, देवपूजा पण कामात धरली?"

"मग कोण करतं?"

"आणि देखरेख म्हणजे? खुर्चीत बसून?"

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आशा तक्त्याजवळ येऊन उभी राहिली. बोट एका रकान्यावर ठेवून म्हणाली, "इथं शनिवारी पाणी लिहिलंय."

"काल शनिवारीच आलं होतं ना."

"पाण्याला वार नसतो हो. पाच दिवसांआड येतंय ते."

"एकदा घडी बसली की सगळं बसतं," मी म्हणालो. ती पोळपाट पुसायला गेली.

२१ मे, बुधवार

तीन दिवसांत तक्त्यावर सोळा खुणा बरोबर, सात चूक. चुकीच्या सगळ्या शिवमच्या.

न्हाणीच्या जाळीवर केसांचा पुंजका, त्यावर साबणाची राखाडी साय. मी त्याला बोलावून दाखवला. म्हणाला, "ये मेरे बाल नहीं है, पप्पा. तनुचे आहेत." तनुजा म्हणाली, "दाढीचे पण आहेत बघ त्यात." मी दोघांना घालवून दिलं आणि काठीने उचलून टाकायला गेलो, तर तो काठीलाच गुंडाळला. काठी फेकून दिली.

आपल्याच माणसांची अशी घाण वाटणं हे पाप आहे का, असं आज पूजेत मनात आलं. फुलं वाहताना शिवमच्या पलंगाखालचे मोजे आठवत होते.

आशा आता चारला उठते. म्हणजे अर्ध्या तासाचा फरक पडला. मी तसं म्हणालो तर म्हणाली, "व्हय, पडला की."

२३ मे, शुक्रवार. एकादशी

पाणी येऊन गेलं.

आज शुक्रवार. सकाळी अकराला आलं, पावणेबाराला गेलं. गल्लीच्या ग्रुपवर निरोप होता. त्या ग्रुपात घरातली एकटी आशा, आणि ड्यूटीत तिचा फोन कपाटात असतो. शिवम 'माझं पाणी उद्या' म्हणून मित्राकडे अभ्यासाला गेला. तनुजा क्लासला. शेजारच्या गोजरबाईंनी भिंतीवरून हाका मारल्या, पण आईला मोटारचं बटण ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी वॉकर घेऊन तिथवर जाता आलं नसतं.

संध्याकाळी मी शिवमवर ओरडलो. तो तक्त्यापाशी जाऊन उभा राहिला. "शनिवार लिहिलंय. बघा. माझी काय चूक?"

वीस वर्षं या शहरात राहतो आहे. पाणी कधी येतं हे मला ठाऊक असायची कधी गरज पडली नाही. मी घरी आलो की ते आलेलं असे.

आशा रागावली नाही. हौदाचं झाकण उचलून आत काठी सोडली, ओली किती झाली ते पाहिलं. "वीतभर हाय. गाळाचंच येईल आता. एकोणतीसला येणार पाणी. जपून वापरा." मग मुलांना बोलली, "संडासाला बादली एकच. भांडी राखेनं घासा, मग पुसून घ्या."

राख कुठली आणायची ते तिने सांगितलं नाही.

२४ मे, शनिवार

आज कंपनीला सुट्टी, दिवसभर घरीच. लिहायला नको वाटतं, पण लिहितो. सकाळी संडासात गेलो, तर कोणीतरी अर्ध्या तांब्यात भागवलेलं. मेच्या उकाड्यात तो वास भिंतीतून येतो. देवघर आणि संडास यांच्यामध्ये आमच्याकडे एकच भिंत आहे. उदबत्त्या चार लावल्या. मग दोन्ही वास एकत्र झाले, ते त्याहून वाईट.

आशा साडेतीनला आली. न्हाणीत बादली रिकामी. ती ओल्या फडक्याने हातपाय पुसून, साडी बदलून स्वयंपाकघरात गेली. ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं. मी ताटाकडे पाहत बसलो. दिवसभरात तिने कोणाचं काय काय काढलं असेल हेच डोळ्यांपुढे. शेवटी म्हणालो, "कालची एकादशी झाली, पोट जड आहे. राहू दे."

ती समजली. ताट उचललं आणि मोरीजवळ बसून तेच खायला लागली.

तनुजाने भांडं आपटलं. "पोट जड आहे? दुपारी माझ्या हातचे पोहे दोन डिश खाल्ले ना तुम्ही?"

"तने, गप," आशा म्हणाली.

"का गप? पाणी यांनी घालवलं आणि उपाशी ठेवायचं नाटक यांचंच?"

"तू जेवून घे. अभ्यासाला बस."

नाटक नव्हतं. घास उतरलाच नसता. पण पोरीने 'दोन डिश' म्हटलं ते खरं होतं, आणि त्यावेळी मला भूक लागलेली होती हेही खरं.

२५ मे, रविवार

गल्लीतल्या तीन घरांनी मिळून टँकर मागवला. आशाची ड्यूटी होतीच. पेशंटांना रविवार नसतो.

टँकरवाला पाइप घेऊन आला. गोजरबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "काकासाहेब, हौद रिकामाच हाय तर आत उतरून धुऊन घ्या. अशी संधी परत नाय. आशाबाई तशीच करती दरसाली."

मी झाकण उचललं. उन्हाची पट्टी तळापर्यंत गेली. काळा गाळ, ओल्या शेणासारखा, त्यावर झुरळं पळत होती. कोपऱ्यात एक उंदीर. फुगलेला, अंगावरचे केस गेलेले, शेपूट तेवढं स्पष्ट. वास वर आला तसं मी झाकण सोडून दिलं.

हे पाणी मी प्यायलो आहे. या पाण्याने देव धुतले.

टँकरवाला घाई करत होता, "भाई, जल्दी बोलो, और दो जगह जाना है." मी म्हणालो, सोड. गाळ खाली बसतो, वर पाणी निवळ राहतं. विहिरीतही तसंच असतं. अर्ध्या तासात हौद भरला. वरून पाहिलं तर खरंच निवळ दिसत होतं. आकाश दिसत होतं त्यात.

घरात कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना उगाच किळस येईल. आशाने आल्यावर दोन बादल्या अंघोळ केली, मुलांनी केली, घर धुतलं, सगळे खूश होते.

कंपनीतल्या गोकुळच्या घरी बोअर आहे. त्याच्याकडून देवापुरता एक कॅन आणला. मी पण त्यातलंच पितो; बाकी कंपनीत कूलर आहेच.

२७ मे, मंगळवार

दुपारी बाराला तनुजाचा फोन आला. आजीला पहाटेपासून जुलाब लागलेत, आता उलटी पण झाली, उठवत नाही, मला एकटीला उचलत नाही.

आज स्टोअरमध्ये मालाची मोजणी होती. मी दवाखान्यात फोन लावला आणि आशाला निरोप द्यायला सांगितलं. ती रिक्षाने गेली. दुसरी वेळ.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई स्वच्छ साडीत पडलेली होती, दोरीवर चादरी वाळत होत्या. आशाचा चेहरा उतरला होता. मला म्हणाली, "मोजणी झाली का?"

"झाली."

"माल कमी तर नाय निघाला?"

"नाही."

मला वाटलं, एवढ्या गडबडीतही तिने माझ्या कामाची आठवण ठेवली.

२८ मे, बुधवार

आईला सलाइन लावून आणलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" आशा म्हणाली, "टँकरचं. हौदातलं." "हौद कधी धुतलाय?" "मागच्या दिवाळीत," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर पिशवीही खाली न ठेवता ती हौदापाशी गेली. झाकण उचललं, काठीने तळ ढवळला. पाणी काळं झालं. ती बराच वेळ वाकून राहिली.

"टँकर आला तव्हा तळ दिसला असंल."

"दिसला."

"मग?"

तेवढ्यात तनुजा ओसरीत येऊन म्हणाली, "आई, देवघरात कॅन आहे बघ. पप्पा वेगळं पाणी पितात." तिने रागाने म्हटलं नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आशाने काठी भिंतीला टेकवली. आज ती ओरडेल असं वाटलं. पंचवीस वर्षांत ओरडली नाही, आज ओरडेल. पण घरात जाऊन तिने आईला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, उकळून. तनुजाला सगळ्यांचं पाणी उकळायला लावलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "उद्या मी मॅडमला सांगून येते. नाव काढा म्हणते. तिसरी बारी होणारच हाय. तीन दिवसांसाठी आता काय जीव मारायचा?"

मी 'नको' म्हणायला हवं होतं. तोंडात शब्द होता. पण मनात असंही आलं की ती घरी असली की हौद, आई, संडास, यातलं काहीच मला पाहावं लागणार नाही. सगळं पूर्वीसारखं, मी आलो की झालेलं असेल. हा विचार माझाच आहे आणि मी तो इथे लिहिला आहे. सिंकमधल्या त्या भातापेक्षा याची मला जास्त घाण वाटते.

२९ मे, गुरुवार

आज रजा टाकली. पाण्याचा दिवस होता. आशा साडेसहाला गेली. शिवमचा पेपर, तनुजाला मी क्लासला पाठवलं, येताना औषधं घेऊन ये म्हटलं.

आठ वाजता हौदातलं पाणी मोटारीने गटारीत सोडलं. मोटार ओढेना तेव्हा जुनी पँट घालून आत उतरलो. हौद छातीएवढा आहे. गाळ घोट्याच्या वर आला, बोटांच्या बेचक्यांतून निघाला. घमेल्याने भरून वर लोटायचं, परत खाली वाकायचं. उंदीर पिशवीत घ्यायला गेलो, तर तो अख्खा आला नाही. मी हौदाच्या भिंतीला कपाळ टेकवून ओकलो. मग तेही घमेल्यात भरावं लागलं. मनात देवाचं नाव घेत होतो. पण कोणाचं रक्षण मागत होतो ते सांगता येणार नाही.

आशा हे दरसाली करते. ती माझ्याहून टीचभर बुटकी आहे, तिला घमेलं वर कसं पोचत असेल?

साडेदहाच्या सुमारास आतून आईची हाक आली. "आशा! आगं आशे!"

आशा घरात नाही हे आईला ठाऊक होतं. तरी हाक तिच्याच नावाने. मी वर चढून तसाच दारात गेलो, गुडघ्यापर्यंत काळा. खोलीत शिरायच्या आधीच कळलं. गादी, साडी, पाठ, सगळं. आईने पांघरूण घट्ट ओढून धरलं होतं.

"तू नगं येऊ," ती म्हणाली. "आशाला फोन लाव."

मी मागे झालो. ओसरीत येऊन हात पुसले, दवाखान्याचा नंबर काढला. अंगठा त्यावर ठेवला. हा फोन लागला की तिसरी वेळ होते. ती तशीही आज नाव काढणार आहे, मग फरक काय, असंही मनाने सांगून पाहिलं.

फोन केला नाही. त्याचं खरं कारण लिहितो. आशाच्या नोकरीचा विचार होता, पण तो पहिला नव्हता. पहिला विचार असा आला की तिला यायला पाऊण तास लागेल. तेवढा वेळ आई त्यात पडून राहील आणि मी दाराबाहेर उभा राहीन. परवा मोजणी करत उभा होतो तसाच. दाराबाहेर उभं राहणाऱ्या माणसाचीच मला एकाएकी ओकारी आली.

पाय धुतले, बादली घेतली आणि आत गेलो.

"आरं, तू कशाला? मला मरू दे. पोटच्या पोरानं का आईला..."

"आई, कड बदल."

"डोळे मीट आधी."

"मिटले तर पुसू कसं?"

तिने माझ्या हातावर चापट मारली. शहात्तर वर्षांची, दोन दिवसांची उपाशी, पण चापट लागली. मग पदर तोंडावर ओढून घेतला आणि सैल पडली. मी पुसलं. किती पुसावं लागतं याचा मला अंदाज नव्हता. एक फडकं, दुसरं, तिसरं. पातळ होतं, पिवळं, उष्ण. मध्ये दोनदा बाहेर जाऊन ओकून आलो. दुसऱ्यांदा आत येताना पाय दारात अडला, पुढे जाईना. आई पदराआडून म्हणाली, "झालं व्हय रं?" आवाज असा की लहान पोर विचारतं. "होतच आलं," म्हटलं आणि गेलो.

गादी ओढून बाहेर काढत होतो तोच नळ खाकरला. गोजरबाई ओरडल्या, "काकासाहेब, पाणी आलं वो! शुक्रवार नाय आज, गुरुवार हाय!"

"पाइप हौदात सोडा, गोजरबाई! गाळ राहिलाय, पहिलं पाणी काढून टाकायचंय! मी आईपाशी आहे!"

"तुम्ही? आईपाशी?" मग भिंतीपलीकडून पाइप ओढल्याचा आवाज. "बरं बरं. घेते मी बघून. सावकाश करा."

आईला न्हाणीत खुर्चीवर बसवून अंघोळ घातली. तिच्या पाठीवर हाडं मोजता येतात. मग हौदाकडे पळालो, खराट्याने तळ घासला, पाणी काढून टाकलं, परत घेतलं. पाणी गेलं तेव्हा हौद अर्धा भरला होता. पण तळाची फरशी दिसत होती. फरशी लाल आहे.

आशा साडेतीनला आली. दारातच थांबली. दोरीवर दोन चादरी, साडी, परकर; मी पिळलेले, त्यामुळे अजून गळत होते. ओसरीत गादी उभी. फिनेलचा वास.

"कोणी केलं?"

"मी."

"फोन का नाय केला?"

"नाही केला."

ती चप्पल काढायची विसरून तशीच पायरीवर बसली. म्हणाली, "मॅडमच्या केबिनपर्यंत दोनदा गेले. दोन्ही बारीला दारातून माघारी आले. म्हटलं, आत्याबाईंचं असं हाय, घरून फोन येईलच. आला की सांगूनच निघू. दर घंटीला बघत व्हते. तीन वाजेस्तोवर वाट पाहिली."

"मग सांगितलं का?"

"काय सांगू? फोनच नाय आला."

मग उठून आत गेली. आईला कुशीवर वळवून पाहिलं, मांडीच्या सांध्यात बोट फिरवलं. "इथं ओल राहिली हो. इथं ओल राहिली की कातडी जाती. असं कोरडं करायचं, दाबून, घासायचं नाय." आई म्हणाली, "लई खरबरीत हात हायत याचे. पितळी घासल्यावाणी घासलं मला." आशा हसली. या महिन्यात पहिल्यांदाच ऐकलं तिचं हसणं. मला ते माझ्यावर होतं असं वाटलं, आणि तसं असेल तर असू दे.

नंतर न्हाणीत जाऊन मी हात धुतले. चार वेळा. वास जात नाही. आज पूजा राहिली.

३१ मे, शनिवार

आशाचं कायमचं पत्र आलं. तिने ते तनुजाला वाचायला लावलं, स्वतः ऐकत उभी राहिली. मधल्या एका शब्दाशी तनुजा अडखळली तर म्हणाली, "परत वाच तेवढं."

सोमवारपासून पाळी बदलते. दुपारी दोन ते रात्री दहा. म्हणजे संध्याकाळचं सगळं घर आमच्यावर.

शिवमने जुना तक्ता काढून चुरगाळला. बोळा मी उचलून कचऱ्यात टाकला.

१ जून, रविवार

आईने आज मऊ भात खाल्ला. माझ्या हाताने भरवायला गेलो तर म्हणाली, "हात धुतला का?" मी तीनदा धुतला होता. तरी परत धुऊन आलो.

आशाची आज सुट्टी. दुपारी ती सुपात गहू निवडत बसली होती. मी ही वही आणि पेन घेऊन समोर बसलो. म्हणालो, तू सांग, मी लिहितो. नावं नकोत, आधी नुसती कामं.

तिला आधी अवघड गेलं. कामं कामं म्हणून तिने कधी पाहिलीच नव्हती. मग सुरू झाली ती थांबेना. दुधाचं पातेलं लगेच भिजत घालणं. फ्रीजचं रबर पुसणं. पिठाला जाळी लागली का बघणं. उष्टी ताटं निपटून काढणं. सिंकच्या खालचा पाइप महिन्यातून एकदा उघडून धुणं, त्यात आळ्या होतात. संडासाच्या भांड्याची मागची बाजू. आईच्या दातांची वाटी. पाली मेल्या तर उचलणं. ग्रुपवर पाण्याचा निरोप बघणं. मुलांनी ओकलेलं, लहानपणापासूनचं. माझा तपकिरीचा रुमाल, तो आधी वेगळा उकळायचा.

तो रुमाल वेगळा उकळतात हे मला ठाऊक नव्हतं. माझं पेन थांबलं. रुमाल खिशातच होता. काढून पाहिला आणि परत ठेवला नाही, हातातच राहिला.

अडतिसाव्या कामाशी मी विचारलं, "आशा, तुला किळस येत नाही का ग?"

तिने मान वर केली नाही. सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"येती की," ती म्हणाली. "लग्न होऊन या घरात आले तव्हापासून येती. रोज येती."

मग सूप जरासं झटकलं. कोंडा माझ्या वहीवर उडाला.

"लिहा फुडं. एकोणचाळीस."